मांडूळ, घोरपड आणि वैद्याचा शब्द

घाटनांदूर परिसरात व्यवसाय करताना आम्हांस अधूनमधून विचारणा होते, "डॉक्टरसाहेब, मांडुळाला औषधात खरोखर एवढी किंमत आहे का?" विचारणारा बहुधा शेतकरी असतो आणि कोणीतरी त्यास लाखोंचे आमिष दाखविलेले असते. या प्रश्नास निःसंदिग्ध उत्तर देणे हे आपणा वैद्यांचे कर्तव्य आहे.

मांडूळ हा उंदरांवर जगणारा बिनविषारी साप. बोथट शेपटीमुळे तो दुतोंड्या ठरला. त्यापासून दुर्धर रोगांवर औषध होते, ही निव्वळ अफवा होय. परंतु आयुर्वेदाचे नाव पुढे केले की अफवेलाही गिऱ्हाईक मिळते. 'हत्थाजोडी'चेही तसेच. ती वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ती नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असल्याचे तपासण्यांत उघड झाले आहे.

चरकसंहितेत भूमिशय प्राण्यांत गोधेची गणना आहे, असा युक्तिवाद काही सहव्यवसायी करतात. उल्लेख खरा, मात्र तो विक्रीचा परवाना नव्हे. दुर्मीळ द्रव्याच्या अभावी प्रतिनिधिद्रव्य योजण्याची मुभा भावप्रकाशकारांनीच दिली आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आता अशा प्राण्याची शिकार वा त्याच्या अवयवांचा व्यापार केल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होतो. मांडूळ व चांदणी कासव यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. भरभराटीसाठी दवाखान्यात असे कासव पाळणे हाही गुन्हाच.

कायदा कठोर आहे, सापडलेल्या प्राण्यापायी गरीब अडकतो, ही तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि असा प्राणी ताब्यात आल्यास अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्यास वा वनाधिकाऱ्यास कळवावे, ही वाट कायद्यानेच दाखविली आहे. ती शेतकऱ्यास सांगणारा माणूस गावात बहुधा वैद्यच असतो.

सबब औषधी दुकानदार बंधूंनी हत्थाजोडी व घोरपडीचे तेल विक्रीस ठेवू नये, आणलेल्यास स्पष्ट नकार द्यावा. वैद्यांनी 'मांडुळापासून कोणतेही औषध होत नाही' असा फलक दवाखान्यात लावावा. हा व्यापार आपल्या शास्त्राच्या नावावर चालतो. तो खोटा आहे हे आपणच सांगितले पाहिजे.