परपक्षातील मत आणि आपली एकजूट

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१४ साली रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत थॅड कॉक्रन यांना कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदारांनी तारले. मतदारांची पक्षवार नोंदणी तेथे नसल्याने हे शक्य झाले. त्यांनी पक्ष सोडला नाही. दोहोंतील अधिक घातक तो अडविला. यात आम्हांस अप्रामाणिकपणा दिसत नाही. परंतु सीमाभागाने यातून भलताच धडा घेऊ नये. ही युक्ती एकदिलाने मत देणाऱ्यांनाच साधते. २०१८ साली खानापुरात समितीचेच दोन उमेदवार परस्परांविरुद्ध उभे ठाकले आणि हातची जागा गेली. त्या वर्षी व पुन्हा २०२३ मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. परक्यांतील बरावाईट पारखण्यापूर्वी, मराठी बांधवहो, आपला उमेदवार एकच ठरवा!