विटेवरचा अंगठा

मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांचा एक ठरीव कार्यक्रम असतो. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन. आमचे ते सारे मागेच उरकले होते. म्हणून या खेपेस मुलाने त्याच्या घरापासून, म्हणजे शार्लटपासून, साडेतीन तासांवरचे चार्ल्स्टन काढले. साउथ कॅरोलिनातले हे जुने बंदर. "बाबा, तुम्हांला जुनी गावं आवडतात ना? मग चला!"

गाव खरोखरच देखणे आहे. घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबच लांब ओसरी कडेला, समुद्राचा वारा आत खेळावा म्हणून. एका रस्त्यावर ओळीने तेरा घरे, प्रत्येकाचा रंग निराळा. चर्चचे उंच मनोरे, दगडगोट्यांच्या गल्ल्या, त्यांतून टपटपत जाणाऱ्या घोडागाड्या. आमच्या सौ.नी तर "इथंच एखादी खोली घ्यावी" असे जाहीर करून टाकले.

दुसऱ्या दिवशी माहिती सांगणाऱ्या बाईंबरोबर पायी हिंडलो. एका जुन्या भिंतीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे बोट लावून पाहा." विटेवर बारीक खळगे होते. ओली वीट उचलून वाळत घालताना उमटलेली ती बोटे. हे काम गुलामांचे, आणि पुष्कळदा त्यांच्या मुलांचे. मी बोट लावले. ते त्या खळग्यात मावेना.

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. निम्मी नोकरी तालुक्याच्या शाखांतून झाली. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे शब्द मी किती कागदांवर लिहिले असतील, त्याची गणती नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचीही काही खूण कागदावर राहते. इथे ती विटेवर राहिली होती.

त्यानंतर गाव निराळे दिसू लागले. इथली श्रीमंती भाताची आणि निळीची, आणि ती पिकवणारे हात आफ्रिकेतून आणलेले. अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के याच बंदरात उतरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. परदेशातून गुलाम आणणे १८०८ साली कायद्याने थांबले, पण देशातल्या देशात विक्री चालूच राहिली. १८५६ साली शहराने रस्त्यावरच्या लिलावांना मनाई केली, तेव्हा व्यापारी चार भिंतींच्या आत गेले. त्यांतली एक जागा आज संग्रहालय आहे. डेन्मार्क व्हेसी नावाच्या गुलामाला १७९९ साली पंधराशे डॉलरची लॉटरी लागली. त्यांतल्या सहाशेंत त्याने स्वतःला विकत घेतले. १८२२ साली उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला फाशी झाली.

माझे बँकेतले मन मात्र एका शब्दाशी अडले : तारण. माणसे नुसती विकली जात नव्हती, ती गहाणही पडत होती. हे एकट्या चार्ल्स्टनपुरते नव्हते. जेपी मॉर्गन चेस या बँकेने २००५ साली जाहीर कबुली दिली, की तिच्या पूर्वसुरी ठरलेल्या लुइझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून स्वीकारले होते. कर्ज थकले तेव्हा त्यांतले सुमारे १,२५० बँकांच्या मालकीचे झाले. मी जमीन, सोने, ट्रॅक्टर तारण घेतले. त्या कागदांवर माझ्यासारखाच कोणी अधिकारी सही करत असेल. संध्याकाळी घरी जाऊन मुलांना मांडीवर घेत असेल.

जिथे गुलामांची जहाजे लागत, त्या गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ साली मोठे संग्रहालय उघडले. तिथे दहा वर्षांच्या नातीला न्यावे की नाही, यावर घरात खल झाला. "सुट्टीत कशाला हे दुःख?" असे सुनेचे म्हणणे. तिचे चुकत होते असे नाही. पण रंगीत घरे दाखवायची आणि ती कोणी बांधली हे लपवायचे, म्हणजे मुलांना अर्धाच हिशेब दाखवणे. या शहरानेही तो फार काळ अर्धाच दाखवला. तिथल्या नगर परिषदेने गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला तो २०१८ साली, आणि तोही थोडक्या मतांनी. तरी केला. म्हणून मी त्या गावाला नावे ठेवणार नाही.

आम्ही नातीला नेले. तिने विचारले, "आजोबा, तारण म्हणजे काय?" मी सांगितले. ती म्हणाली, "मग त्या माणसांना आधी विचारलं होतं का?"

या प्रश्नाने मी थेट माझ्या जुन्या टेबलाशी जाऊन बसलो. अंगठ्याशेजारी आम्ही शेरा मारत असू : 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला.' खरोखर किती जणांना वाचून दाखवला? बाहेर रांग असे, मार्चअखेर असे, आणि शेरा मारायला एक क्षण पुरे. त्या अधिकाऱ्याच्या आणि माझ्या अपराधात जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. पण समोरच्याला न विचारता कागद पुरा करण्याची सवय मला अनोळखी नव्हती.

प्रवास करावा तो यासाठी. गाव पाहावे, खावे-प्यावे, फोटो काढावेत, आणि हे सारे कोणाच्या हातांनी उभे राहिले, एवढे एकदा विचारावे. मुलांसमोर विचारावे.

आमच्या आल्बममध्ये रंगीत घरांच्या पुढे एका नुसत्या विटेचा फोटो आहे. पाहुणे विचारतात, "हा चुकून निघाला का हो?" मी सांगतो, नाही.