रिपोर्ट मशीन देते, पण नमुना सिस्टर घेते

नांदेड आणि लातूरच्या नर्सिंग महाविद्यालयांत आज आपल्या वस्त्यांमधल्या अनेक मुली शिकत आहेत. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचे वडील बांधकामावर जातात. पोरीने पांढरा ड्रेस घातला की अख्ख्या गल्लीला आनंद होतो. या मुलींना बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात बायोकेमिस्ट्री, म्हणजे जीवरसायनशास्त्र, हा विषय असतो. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात त्याला अवघे ४० तास आहेत आणि प्रयोगशाळेचे कामही त्यातच उरकायचे. त्यामुळे मुली म्हणतात, "पास होण्यापुरतं करू, पुढं कुठं लागतं?"

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. आपल्या माणसांच्या जिवाशी थेट संबंध असलेला हा विषय आहे.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचे उदाहरण घ्या. उलट्या-जुलाबाने थकल्या म्हणून त्यांना दवाखान्यात भरती केले. डाव्या हाताला साखरेचे सलाईन सुरू होते. शिकाऊ मुलीने घाईत त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले. रिपोर्ट आला, शुगर ५२०. आजींना कधी मधुमेह नव्हता. घरचे घाबरले आणि इन्सुलिनची तयारी सुरू झाली. तेवढ्यात एका जुन्या सिस्टरने विचारले, "रक्त कोणत्या हातातून घेतलं गं बाळ?" लगेच उजव्या हातातून पुन्हा नमुना घेतला, तेव्हा शुगर १२४ निघाली. पहिल्या आकड्यात आजींच्या रक्ताबरोबर बाटलीतली साखरही मोजली गेली होती. त्यावर इन्सुलिन दिले असते तर आजी बेशुद्ध पडल्या असत्या. मशीन बिघडलेले नव्हते. त्याने समोर आले ते मोजले.

तपासणीतल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत. त्या नमुना मशीनपर्यंत पोहोचण्याआधी होतात, आणि तिथे हात असतो सिस्टरचा.

ट्यूबच्या बुचांचे रंग सगळ्याच मुली पाठ करतात, पण त्यामागचे कारण किती जणींना सांगता येते? जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. ते पोटॅशियमचे क्षार असते. आता ट्यूब चुकली म्हणून कुणी या ट्यूबमधले रक्त लाल बुचाच्या ट्यूबमध्ये ओतले, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतेच जास्त आणि कॅल्शियम भलतेच कमी दिसेल. बारीक सुईतून जोराने रक्त ओढले किंवा ट्यूब जोरजोरात हलवली तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे लागते. ते साडेसहाच्या वर गेले की हृदयाला धोका असतो आणि डॉक्टरांची धावपळ सुरू होते. ही धावपळ खऱ्या आकड्यासाठी व्हावी, फुटलेल्या पेशींसाठी नको.

करड्या बुचाच्या ट्यूबचे काम शुगरसाठी. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये तासाला पाच ते सात टक्के साखर अशीच कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. करड्या ट्यूबमधले फ्लोराइड हे खाणे थांबवते. आपल्या मराठवाड्यात मे महिन्याचे ऊन कसे असते ते सांगायला नको. खेड्यातल्या केंद्रात सकाळी घेतलेला नमुना चुकीच्या ट्यूबमध्ये दुपारपर्यंत पडून राहिला, तर मधुमेहाचा माणूस कागदावर ठणठणीत ठरतो. तो निश्चिंत होऊन घरी जातो आणि पायाची जखम चिघळल्यावर परत येतो. बाबासाहेबांच्या देहाला मधुमेहाने किती पोखरले, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात आणि किनवट-माहूरच्या आदिवासी बांधवांत हा आजार आढळतो. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, आणि आपली सोयरीक तर नदीच्या दोन्ही काठांवर. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आधी साधी सोल्युबिलिटी तपासणी होते, पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने होते. आणि ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्याच्या तीन महिन्यांच्या शुगरच्या, म्हणजे एचबीएवनसीच्या, आकड्यावर विसंबता येत नाही, कारण त्याच्या लाल पेशी लवकर मरतात. हे डॉक्टरांच्या कानावर घालणारी सिस्टर वॉर्डात असली पाहिजे. ती आपलीच लेक का नसावी?

लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर झाले ते गुणांमुळे. पण त्या पॅटर्नचे खरे बळ पुन्हा पुन्हा केलेल्या सरावात आहे. तोच सराव इथे हाताने व्हावा. महाविद्यालयांनी मुलींना चार दिवस तरी रुग्णालयाच्या लॅबमध्ये उभे करावे. लॅब कोणता नमुना परत पाठवते आणि का, हे त्यांना दाखवावे. 'आय.एम.पी. प्रश्नां'ची वही घेऊन पेपर सुटतो, पण पेशंटपुढे ती वही कामाला येत नाही.

आणि घरच्यांनीही जागे राहावे. रक्त घेताना सिस्टरने पेशंटला त्याचे नाव विचारले पाहिजे आणि तिथेच ट्यूबवर लिहिले पाहिजे. नाही विचारले तर आपणच सांगावे. सलाईन कोणत्या हाताला आहे तेही सांगावे. उपाशीपोटीची तपासणी असेल तर चहासुद्धा घेऊ नये, आणि घेतला असेल तर लपवू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची असल्याने तिथले नियम वेगळे आहेत, तेवढे विचारून घ्यावे.

आपल्या शिकणाऱ्या लेकींना आमचे एवढेच सांगणे आहे. रिपोर्ट वाचून औषध ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, त्यात पडू नका. पण जो आकडा पेशंटच्या अवस्थेशी जुळत नाही, त्याबद्दल प्रश्न विचारणे तुमचे काम आहे. नवीन आहोत म्हणून गप्प बसू नका. त्या जुन्या सिस्टरने आवाज चढवला नव्हता. तिने फक्त विचारले होते, कोणत्या हातातून घेतलं?