आळशी सोनं कामाला लागतं!

दोस्तांनो, हुपरीचे चांदीचे पैंजण काळे पडतात. पण जयसिंगपूरच्या सराफाकडून घेतलेली आजीची सोन्याची अंगठी? अजून तश्शीच! सोनं हवेला दादच देत नाही.

गंमत पाहा. त्याच सोन्याचे चार-पाच नॅनोमीटरचे कण केले (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर), की ते ऑक्सिजनला कामाला जुंपतात! बेंझिल अल्कोहोलमधले दोन हायड्रोजन निघतात, त्यांचं पाणी होतं आणि उरतं बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड. विषारी क्रोमियम लागतच नाही. आणि सोनं? ते उत्प्रेरक, खर्ची पडत नाही.

१९९८ साली इटलीतल्या प्राती आणि रॉसी यांनी अल्कोहोलांच्या ऑक्सिडीकरणासाठी हे कण कोळशाच्या भुकटीवर बसवले. भुकटी कशाला? अहो, सुटे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणजे पुन्हा आळशी!