हमी कंपनीची, पुरावा गिऱ्हाइकाचा

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्या वर्षीच्या दसरा-दिवाळीत विक्री किती वाढली याचा डंका सरकारने आणि कंपन्यांनी मिळून पिटला. विकलेल्या मोटारीचे आणि ती घेणाऱ्याचे पुढे काय होते, याबद्दल मात्र दोघांपैकी कोणालाच बोलण्याची निकड वाटली नाही. चार-सहा महिने वापरलेली, वॉरंटीच्या मुदतीतली मोटार भर रस्त्यात बंद पडते, इंजिनच बसले असे निदान होते आणि कंपनी हात वर करते, हा अनुभव आता दुर्मिळ राहिलेला नाही. त्याची गणना कोणत्याही विक्रीच्या आकड्यांत होत नाही.

मोटार हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्यात का पडावे, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. या शंकेला जुने उत्तर आहे. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेतलेल्या बायकांसह रस्त्यावर उतरल्या, तेव्हाही गिऱ्हाइकाचा प्रश्न हा वर्गलढ्याचा प्रश्न नव्हे असे म्हणणारे विद्वान होतेच. माणूस कारखान्यात श्रम विकतो तेव्हा जसा एकटा आणि दुबळा असतो, तसाच तो बाजारात वस्तू विकत घेतानाही असतो, हे त्या बायकांना पुस्तके न वाचता कळले होते. शिवाय आजची मोटार ही पूर्वीची संस्थानिकांची मोटार नव्हे. ती बहुतेक वेळा बँकेची असते आणि चालवणारा तिचे हप्ते फेडत असतो.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेचेच उदाहरण कल्पावे. तालमीच्या आणि फुटबॉलच्या या पेठेतल्या कोण्या एका तरुणाने नोकरीचा नाद सोडून नऊ लाखांची मोटार कर्जावर घेतली. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंना जोतिबा, नृसिंहवाडी, पन्हाळा दाखवावा आणि त्यावर घर चालवावे असा त्याचा बेत. पाचव्या महिन्यात आंबा घाटात इंजिनातून घण मारल्यासारखा आवाज येतो आणि मोटार जागीच थांबते. ती ओढून सर्व्हिस सेंटरमध्ये नेली जाते. आठ-दहा दिवसांनी निरोप येतो : आत पाणी गेलेले दिसते, किंवा इंधन भेसळीचे होते, किंवा ऑईल वेळेवर बदलले नाही; सबब ही दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. खर्चाचा अंदाज लाखांत असतो. बँकेचा हप्ता त्या महिन्यातही पाच तारखेलाच येतो.

कंपनीचे म्हणणे खोटेच असते असे येथे सुचवायचे नाही. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो हे खरे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या लोकांनी ते पाहिले आहे. ऑईलअभावी बेअरिंगे जळतात हेही खरे. पण ओतकामात राहिलेली पोकळी, सदोष ऑईल पंप, चुकीचे बसवलेले बेअरिंग यांनीही इंजिन तसेच बसते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रसंगी एकच दृश्य दिसते : निकामी झालेले इंजिन. त्यातले कोणते कारण खरे, हे ठरवतो कोण? ज्याच्या खिशाला उत्तराचा भार पडणार आहे, तोच. इंजिन उघडणारा मिस्त्री विक्रेत्याचा, निदान करणारा संगणक कंपनीचा, मोटारीच्या स्मरणकोशातली नोंद वाचण्याची किल्ली कंपनीकडे, आणि अहवाल लिहिणारा अभियंताही तिच्याच पगारावर. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच घरात राहतात असा हा दरबार आहे.

कोल्हापुरात तर या व्यवस्थेतला विपर्यास अधिकच डोळ्यांत भरतो. मंगळवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर शिवाजी उद्यमनगर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या वाहन कंपन्यांना ओतीव भाग जातात. तुटलेल्या रॉडचा छेद पाहून तडा जुना की नवा, पोलादात दोष होता की ताण अवचित आला, हे सांगणारे कारागीर या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण त्यांच्यापैकी एकाने त्या इंजिनाचे झाकण उघडले, की बाहेरच्या माणसाने हात लावला म्हणून वॉरंटी संपली! ज्या गावाच्या भट्टीत इंजिनाचे भाग ओतले जातात, त्या गावाच्या नागरिकाला ते इंजिन का मेले हे स्वतः पाहण्याची मुभा नाही.

ही अट कायद्याने मान्य केलेली आहे असा समज असेल तर तो दूर व्हावा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारातील गॅरेजांना न देऊन त्यांनी दुरुस्तीची मक्तेदारी केली, असा आरोप सिद्ध धरण्यात आला होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सबंध वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा स्पष्ट आदेश आयोगाने दिला. प्रकरण अपिलांत गेले, दंडावर वाद झाले. शोरूममध्ये मिळणाऱ्या पुस्तिकेतली भाषा आजही अशी असते की सामान्य गिऱ्हाइकाला त्या आदेशाचा वासही लागू नये. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने इंजिन उघडत नाही.

आता ग्राहक कायद्याकडे वळू. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली, ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्यातल्या सोयी कार्यकर्त्यांनी लोकांपर्यंत पोचवल्या पाहिजेत. आता तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि आपल्या उदाहरणातल्या नऊ लाखांच्या मोटारीला अवघे दोनशे रुपये. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेले वाहन ‘व्यापारी हेतू’ म्हणून बाद होत नाही.

पण दोनशे रुपयांत दार उघडले तरी आत अडसर आहेच. वस्तूतला दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग ती ‘उचित प्रयोगशाळे’कडे पाठवतो, आणि त्या तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावे असे आयोग फर्मावू शकतो. मोटारीच्या बाबतीत ही प्रयोगशाळा कोणती? आपल्या भागात पहिले नाव सुचते ते पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे. १९६६ साली वाहन उद्योगाने सरकारच्या साहाय्याने ती स्थापन केली. तिच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण कारखानदारांनी कारखानदारांसाठी उभारलेल्या संस्थेच्या दाराशी एकट्या गिऱ्हाइकाने आपले बसलेले इंजिन ट्रकवर घालून न्यावे, ही कल्पनाच पुरेशी बोलकी आहे. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून उत्पादनातील दोष सिद्ध झाला नाही, हे वाक्य मग निकालपत्रात येते.

सर्वोच्च न्यायालयाचे धोरणही सावध राहिले आहे. क्लचच्या दोषावरून आलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात २००६ साली न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीने कंपनी सदोष भाग बदलून देण्यास बांधलेली आहे, सबंध मोटार बदलून देण्यास नव्हे. गोव्यातले एक प्रकरण इंजिनाचे नव्हते, तरी येथे लक्षात घेण्यासारखे आहे. २०११ साली नवी मोटार म्हणून पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला २००९ सालची, ६२२ किलोमीटर धावलेली मोटार देण्यात आली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पायऱ्यांवर कंपनी व विक्रेता दोघांनाही जबाबदार धरले गेले. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्या जबाबदारीतून मुक्त केले. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते मालक-अडत्याचे नाही, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, आणि विक्रेत्याचे कृत्य कंपनीला ठाऊक होते असे दाखवले गेलेले नाही, हा त्यामागचा विचार. कराराच्या कायद्यात तो चोख असेलही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर पाटीवर कंपनीचे नाव, गणवेशावर कंपनीचे चिन्ह, आणि जबाबदारीची वेळ आली की दुकानदार निराळा!

२०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्वा’चे नवे प्रकरण आले तेव्हा पुष्कळांनी स्वागत केले. निष्काळजीपणा नव्हता असे कंपनीने दाखवले तरी दिलेल्या हमीबद्दल ती जबाबदार राहील, असे त्यात म्हटले आहे. परंतु याच कायद्याने ‘हानी’ची व्याख्या करताना वॉरंटीभंगामुळे खुद्द त्या वस्तूची झालेली हानी आणि आर्थिक नुकसान वगळून टाकले. म्हणजे सदोष इंजिनाने मोटार पेटून माणूस भाजला तर हे प्रकरण लागू. इंजिन नुसते बसले आणि तरुणाची सहा महिन्यांची कमाई बुडाली तर तो पुन्हा जुन्याच वाटेला, दोष सिद्ध करण्याच्या वाटेला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

अर्थशास्त्राला हा पेच नवा नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचा दाखला घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाची माहिती आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर बाजार आपसूक न्याय करीत नाही, उलट सडतो. त्यावरचा एक उपाय म्हणून त्यांनी हमीचा उल्लेख केला होता. या कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पण हमी लागू होते की नाही हे ठरवण्याची माहितीसुद्धा विकणाऱ्याकडेच राहिली, तर उपायालाच रोग जडतो. आजच्या मोटारीत नेमके हेच झाले आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील संगणक प्रदूषण-चाचणीच्या वेळी खोटे वागण्यासाठीच लिहिलेला होता असे अमेरिकेत उघड झाले. सरकारी तपासनिसांना वर्षानुवर्षे जे कळले नाही, ते गिऱ्हाइकाने सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसून ओळखावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

कामगार चळवळीने हा डोंगर एकदा ओलांडलेला आहे. यंत्रात हात गेलेल्या कामगाराला पूर्वी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे, आणि सगळे पुरावे मालकाच्या कारखान्यात असत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने ते ओझे काढले : काम करताना इजा झाली एवढे पुरे. जी गोष्ट विशेषकरून एका पक्षाच्याच माहितीतली आहे ती त्यानेच सिद्ध करावी, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आजही आहे. युरोपीय संघाने विक्रीनंतर एक वर्षाच्या आत उघड झालेला दोष मुळातलाच मानावा, तो तसा नाही हे विक्रेत्याने दाखवावे, असे २०१९ मध्ये ठरवले. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याने १९८२ साली कायदा केला : त्याच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करून भागले नाही, किंवा मोटार एकूण तीस दिवस बंद राहिली, की बदली मोटार किंवा पैसे परत. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे चालते ते आपल्याकडे मागितले की उद्योग बुडेल अशी ओरड होते.

त्या ओरडीचेही उत्तर दिले पाहिजे. गिऱ्हाइके लबाडी करतील, खर्च वाढेल, तो किमतीत चढेल, असे म्हटले जाईल. लबाडी पकडण्याची सर्व साधने कंपनीपाशी आहेतच; तिने ती वापरून पुरावा द्यावा. राहता राहिला खर्च. सदोष इंजिनाचा बोजा आज ज्याच्या वाट्याला ते आले त्या एकाच घरावर कोसळतो. तो लाखो मोटारींच्या किमतीत विभागला तर प्रत्येकाच्या वाट्याला क्षुल्लक रक्कम येईल. विम्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

ऊस पिकवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला यात आणखी एक धागा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे आधार मिळाला हे मान्य केले पाहिजे, आणि इथेनॉलने इंजिने बसतात असा बोभाटा पुराव्याविना करणेही बरे नव्हे. पण पंपावर कोणते पेट्रोल मिळावे हे सरकार ठरवते, ते इंजिन सोसेल की नाही हे कंपनी ठरवते. मग इंधन वाईट होते या सबबीचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का भरावा?

पक्षाच्या जिल्हा शाखांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, कायदेदुरुस्तीची मागणी : वॉरंटीच्या पहिल्या वर्षात इंजिन निकामी झाल्यास दोष मूळचाच मानला जावा, आणि ‘हानी’च्या व्याख्येतील ती पळवाट बुजवावी. ही दिल्लीची लढाई आहे, तिला वेळ लागेल. दुसरी आजच करता येईल : मोटार सर्व्हिस सेंटरमध्ये सोपवताना जॉब कार्डाची प्रत, किलोमीटरचा आकडा आणि तक्रारीचे शब्द लेखी घेतल्याशिवाय जागचे हलू नये, इंजिन उघडताना हजर राहू देण्याची मागणी लेखी करावी आणि काढलेले भाग जपून ठेवण्यास सांगावे, हे पेठापेठांतून, रिक्षा आणि टॅक्सीच्या थांब्यांवरून सांगणे. तिसरी खास कोल्हापूरची. येथील शासकीय तंत्रनिकेतनाला अशा तपासणीसाठी मान्यता मिळावी, उद्यमनगरातील अनुभवी कारागिरांचे साहाय्य तेथे घेता यावे आणि तपासणीचा खर्च तक्रारदाराऐवजी ग्राहक कल्याणाच्या सरकारी निधीतून व्हावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक आदेश लागतो. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी ही मागणी पालकमंत्र्यांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती लेखी पडली पाहिजे, आणि तिच्याखाली फसलेल्या वाहनधारकांइतक्याच फाउंड्री कामगारांच्याही सह्या असल्या पाहिजेत.