फडातला ताप लपता कामा नये



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंप खोलून पुन्हा बसवतात. गव्हाणीत ऊस पडल्यावर बेअरिंग शोधत पळावे लागले, तर वार्षिक सभेत आपण संचालक मंडळाला धारेवर धरू, आणि ते बरोबरच होईल. रोगराईच्या बाबतीत मात्र आपली रीत तहान लागल्यावर विहीर खणण्याची आहे.

2020 साली मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा राज्यात ठिकठिकाणी ऊसतोडणी कामगार बायकापोरांसह कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले. एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिली, मग तपासणी करून त्यांना गावी सोडले. त्या काळात अनेक कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी सॅनिटायझर तयार केले. सहकाराला त्याचा अभिमान असावाच. पण हे सारे रोग दारात आल्यानंतरचे काम झाले. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे. रोगाची पहिली बातमी आपल्याला देणार कोण?

आमच्या मते ती फडातून येईल, तळावरून येईल. याला दाखले आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये इंगहॅम नावाचा ऊसपट्टा आहे. 1933-34 च्या सुमारास तिथले तोडणीवाले तापाने आणि काविळीने पडू लागले, काही दगावले. आजार होता लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून तो हातापायाच्या जखमांवाटे अंगात शिरतो. कोयत्याने आणि पाचटाने ज्याचे हात रोज कापतात, त्यालाच तो आधी गाठणार. ऊस पेटवून उंदीर हाकला, मगच तोडू, असे म्हणून 1934 साली मजुरांनी काम बंद केले. जळीत ऊस म्हणजे काय नुकसान ते आपण जाणतोच. तोडणीवाल्याचे वेळीच ऐकले नाही, तर गोष्ट संपापर्यंत जाते.

दुसरा दाखला घरचा आहे. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पिसवा फार झाल्या, उंदीर मरून पडू लागले. पुढे सप्टेंबरमध्ये प्लेगचे रोगी आढळले. कितीतरी वर्षांत देशाने प्लेग पाहिला नव्हता. उंदीर मरतात हे डॉक्टरांच्या आधी गावकऱ्यांनी पाहिले होते. त्याच महिन्यात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लोक घरदार सोडून पळाले. खरी माहिती वेळेवर मिळाली नाही की तिची जागा अफवा घेते.

कुणी म्हणेल, हे झाले निसर्गाचे रोग. शत्रूने मुद्दाम रोग पसरवला तर? तेही घडले आहे. 2001 साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून काळपुळीचे जंतू पाठवले गेले. तीच काळपुळी, जिला आपण जनावरांत फाशी म्हणतो. 22 माणसांना लागण झाली, त्यांतली 5 दगावली. पहिला उलगडा मात्र कुठल्या गुप्तहेराने केला नाही. फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात आलेल्या रोग्याच्या मणक्यातले पाणी डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा संशय आला. रोग निसर्गाचा असो की शत्रूचा, तो आधी एखाद्या साध्या माणसाला ताप होऊनच दिसतो. त्या माणसाने तोंड उघडले पाहिजे आणि दुसऱ्याने ते ऐकले पाहिजे.

आणि इथेच आपले घोडे पेंड खाते. तोडणीवाला ताप सांगत नाही. का सांगेल? सांगितले तर कामावरून बसावे लागते, बसला की खाडा लागतो, खाड्याची रक्कम उचलीतून फिटायची राहते. मग अंग फणफणत असले तरी माणूस पहाटे फडात उतरतो. बाईमाणसाचे तर विचारूच नका. ताप लपवणाऱ्यालाच आपण शहाणा ठरवून ठेवले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या हंगामापासून तापाच्या दिवसाचा खाडा कापू नये, अशी अट तोडणीच्या करारातच घालावी आणि ती मुकादमाकडून पाळून घ्यावी. तळावर दोन-तीन माणसे एकदम आजारी पडली, उंदीर किंवा जनावरे अचानक मरू लागली, तर चिटबॉयने त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे आणि गट ऑफिसने प्राथमिक आरोग्य केंद्राला. मोळी टाकण्याआधी तळावरच्या पाण्याची व शौचालयांची सोय पाहून घ्यावी. कोण कुठल्या गावचे, सोबत मुले किती, याची यादी कारखान्याकडे तयार असावी.

लोक खोटा ताप सांगून बसतील, हा आक्षेप येणार हे आम्ही धरून चाललो आहोत. काही जण बसतीलही. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्हदेखील कधी उगीच उडतो, वाफ वाया जाते. म्हणून तो कुणी तारेने बांधून ठेवत नाही.

खर्चाचेही लपवत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून जातो, तेव्हा हा भारही आपल्यावरच येणार. पण एक कोयता दोन दिवस बसला तर किती टन तोड थांबेल, आणि साथ पसरून अख्खा तळ रिकामा झाला तर किती ऊस फडात वाळेल, हा हिशेब कुठलाही सभासद बोटांवर करू शकतो. शिवाय आजारी माणसाच्या अंगातून काढलेली टनवारी आपल्या साखरेला गोडी देत नाही.

वार्षिक सभेत ऊसदरावर आपण तास-तास बोलतो. यंदा पाच मिनिटे या विषयाला द्यावीत आणि ठराव करून घ्यावा, एवढीच विनंती.