दुखणे सांगण्याची मुभा

सप्टेंबर १९८५ मध्ये व्लादिमिर वास्यूतिन हा सोव्हिएत अंतराळवीर ‘साल्यूत-७’ स्थानकावर गेला. मोहिमेचा तो प्रमुख. मुक्काम कित्येक महिन्यांचा ठरला होता. पण तो आजारी पडला, काम करण्याजोगा राहिला नाही आणि ६५ दिवसांतच त्याला परतावे लागले. सोबतचे दोघेही मोहीम अर्धवट टाकून त्याच्याबरोबर खाली आले. हा त्रास त्याला उड्डाणाआधीपासूनच होता आणि त्याने तो डॉक्टरांपासून लपवला होता, असे पुढे सांगितले गेले.

याच्या उलट घडलेली एक घटना २०२० च्या जानेवारीत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर दोन महिने काढलेल्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. दुखत नव्हते, सूज नव्हती. वजनरहित अवस्थेत रक्ताभिसरण कसे बदलते, याचा अभ्यास चालू होता. त्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली. रक्त पातळ करणारी इंजेक्शने स्थानकावर होती, पण मोजकीच. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी मात्रा बेताने ठरवून साठा पुरवला. मालवाहू यानातून गोळ्या पोहोचेपर्यंत चाळीसेक दिवस गेले. रुग्णाने मोहीम पूर्ण केली आणि तो सुखरूप परतला. ‘तो’ म्हटले ते केवळ सोयीसाठी. तो पुरुष होता की स्त्री, हेही त्या लेखात सांगितलेले नाही.

आम्हाला ही गुप्तता सोनोग्राफी यंत्राइतकीच मोलाची वाटते. यंत्र शिरेतली गुठळी दाखवील, हाडांची झीज मोजील. पण न लागणारी झोप, मनावरचे मळभ, अंगावर काढलेली कळ यांतले बरेच काही माणसाने आपण होऊन सांगावे लागते. सांगितले तर पुढचे उड्डाण हुकेल, अशी धास्ती असेल तर तो सांगणार नाही.

आजच्या स्थानकावरून रुग्णाला काही तासांत खाली आणता येते. जानेवारी २०२६ मध्ये एकाच्या प्रकृतीमुळे चौघांना मुदतीआधी आणले गेले, तेव्हाही आजारी कोण हे नासाने जाहीर केले नव्हते. मंगळाच्या वाटेवर ही सोय नाही. तिथून विचारलेला प्रश्न पृथ्वीवर पोहोचायलाच वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मधूनच मागे फिरता येत नाही. तिथे लपवलेले दुखणे सगळ्यांच्या जिवावर बेतेल.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचे ठरवले आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक आहेत, आणि वैद्यकीय श्रेणी घसरली की उड्डाण थांबते, हे वैमानिकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तो धाक अंतराळात सोबत जाता कामा नये. म्हणून नियम आताच लिहून ठेवावेत: अंतराळवीर आणि त्याचा डॉक्टर यांच्यातले बोलणे खासगी राहील, मोहिमेच्या सुरक्षिततेला लागेल तेवढेच पुढे जाईल, आणि वेळेवर सांगितलेल्या दुखण्याची शिक्षा कोणालाही होणार नाही. यानाच्या आराखड्याइतकाच हा करारही आधी पक्का झाला पाहिजे.